रिफंडला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं

मी नाशिकला एका पतपेढीत काउंटरवर बसते. “आजोबा, पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही,” हे वाक्य माझ्या तोंडून दिवसातून चारदा जातं. तरी गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात, डाव्या कुशीवर पडल्या पडल्या, मी पाच मिनिटांत दोनदा पिन टाकला. ऑनलाइन मागवलेल्या कपड्यांचे धरून एकूण ५,९९६ रुपये गेले. लिहायला लाज वाटते, पण माझ्या ओळखीतल्या आणखी एकीला परवा त्याच कपड्यांची जाहिरात दिसली, म्हणून लिहिते.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर जायला लागले आणि कपड्यांचा प्रश्न आला. सलवारीची नाडी पोटाखाली बांधली की घसरते, पोटावर बांधली की काचते. जुन्या ट्रॅक पँटचं इलॅस्टिक बाकावर बसलं की दुमडून रुतायचं. फोनवर दोन-तीनदा शोधलं असेल नसेल, लगेच जाहिराती सुरू. त्यातली एक मनात बसली: “गरोदरपणात आधार, बाळंतपणानंतर पोट आत. ९५ टक्के कॉटन. तीन लेगिंगचा सेट १,४९९.” शेजारी उलटं पळणारं घड्याळ. घरी माल आल्यावर पैसे द्यायचे तर ३०० रुपये जास्त, म्हणून आधीच भरले.

खरं सांगायचं तर मी कॉटनला भुलले नाही, ‘पोट आत’ला भुलले. त्याच आठवड्यात एका डोहाळजेवणात कोणीतरी माझ्याकडे बघून “हे पोट काय आता जात नाही गं” म्हणालं होतं. गर्भाशयालाच मूळ आकारावर यायला सहा आठवडे लागतात, आपल्याकडचा सव्वा महिना काही उगाच नाही. पट्ट्याने पाठीला आधार मिळतो, चरबी झडत नाही. हे सगळं मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर आधीही सांगितलं असतं.

नवव्या दिवशी पार्सल आलं. तीनऐवजी दोनच लेगिंग, रॉकेलसारखा वास, आणि पोटावरचा तो ‘आधार’ म्हणजे साध्या लेगिंगला वरून शिवलेली चार बोटं रुंदीची इलॅस्टिकची पट्टी. ट्रॅकच्या दोन फेऱ्या कशाबशा मारल्या. घरी येऊन बघते तर बेंबीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल वळ, घट्ट बांगडी काढल्यावर मनगटावर उठतो तसा. आत कापडाचं प्रमाण लिहिलेलं लेबल नाही, पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. दुकानाच्या पानावरही नुसतीच मेसेजची सोय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. हे बघायचं ते पैसे भरण्याआधी. मी पैसे भरून पत्ता शोधत बसले.

मेसेजला उत्तर येईना, तेव्हा दुकानाच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधलं. एक मोबाइल नंबर वरच आला. पहिल्या रिंगला उचलला. माणूस स्वच्छ मराठी बोलणारा. “ताई, कितवा महिना? मग तुम्ही उठू नका, पडूनच करा, मी सांगतो तसं.” इथेच मी विरघळले. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवला, वर ‘रिफंड १,४९९’ लिहिलेलं. स्कॅन केला, रक्कम बरोबर दिसली, पिन मागितला, टाकला, हिरवी खूण आली. मला वाटलं, आले. तो म्हणाला, “ताई, तुमचे अडकलेत. आता मूळचे आणि हे, दोन्ही मिळून २,९९८ पाठवतो.” दुसरा क्यूआर, पुन्हा पिन, पुन्हा हिरवी खूण. तिसऱ्यांदा त्याने ५,९९६ म्हटलं तेव्हा कुठे मी बँकेचे मेसेज उघडले. दोन्ही डेबिटचे. आकडा दरवेळी दुप्पट होत होता आणि दिवसभर आकडेच मोजणाऱ्या मला तो विचित्र वाटला नव्हता!

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी वाया घालवली. नवऱ्याला कसं सांगू, ऑफिसात कळलं तर, असं करत उशी भिजवत होते. शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “रडणं नंतर कर, आधी फोन लाव.” १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. तिथे बँकेचं नाव, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. मग सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. माझे दुसरे २,९९८ समोरच्या खात्यात गोठवले गेले, अजून हातात आलेले नाहीत. पहिले १,४९९ तोवर पुढे गेले होते. आणि पिन मीच टाकलेला, म्हणून बँकेकडून भरपाई मागायला तोंड नव्हतं. तेव्हा लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम मी स्वतः खातेदारांना समजावत होते. त्यांत आपल्याच निष्काळजीपणाने गेलेले, बँकेला कळवण्याआधीचे पैसे आपलेच जायचे. लेगिंगच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, वेगळी तक्रार केली, पण पत्ताच नसलेल्या दुकानाला नोटीस कुठे पाठवणार?

मेनरोडच्या आमच्या शिंप्याकडे ती लेगिंग घेऊन गेले. त्यांनी शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा ओढला, काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. हा आक्रसला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. “वहिनी, सगळं पॉलिस्टर आहे.” मग त्यांनीच माझ्या दोन जुन्या सुती सलवारींचा नेफा काढून तिथे बनियनला लावतात तसलं रिबचं मऊ कापड जोडलं, छातीच्या खालपर्यंत येईल एवढं उंच, नाडी नाही, इलॅस्टिक नाही. शिलाई दीडशे. नवव्या महिन्यापर्यंत मी त्याच सलवारी घालून चालले.

बाळंतपणानंतरचं गणित आणखी निराळं निघालं. माझं सिझेरियन झालं. लेगिंगचा कमरपट्टा बरोबर टाक्यांवर येतो हे कुठल्या जाहिरातीत नसतं. तो बेंबीच्या वर बसणाराच हवा. चालायची परवानगी मिळाल्यावर फीडिंग ब्रा घेतली, पण या वेळी दुकानात जाऊन, घालून बघून. एका हाताने क्लिप उघडते का हे तिथेच करून बघितलं, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. तारेची घेतली नाही. मागे हुकांच्या तीन रांगा असलेली घेतली, कारण बरगड्यांचा घेर लगेच कमी होत नाही. दुकानातल्या बाईंनी पावती दिली, त्यावर पत्ता होता. मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, तशा त्या हसल्या.

त्या दोन लेगिंग पुरावा म्हणून बरेच दिवस जपून ठेवल्या होत्या. फोटो काढून झाल्यावर सासूबाईंनी एकीचं फाडून फरशी पुसायचं फडकं केलं. दोन दिवसांनी तेही फेकलं. म्हणाल्या, “मेलं पाणीसुद्धा टिपत नाही.”