ऑर्गन, गिटार, ड्रम्स: बरेच महिने ऐकल्यावर कोणते अल्बम टिकले

ऑर्गन ट्रिओ पहिल्यांदा ऐकणं आणि तो घरात मुरल्यावर ऐकणं यांत खूप फरक पडतो. सुरुवातीला हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनचा घुमारा आणि लेस्ली या फिरत्या स्पीकरची थरथर यांनीच माणूस भारावतो. तो भर ओसरला की कोणत्या अल्बममध्ये खरंच दम आहे ते कळायला लागतं. गेले बरेच महिने मी मुख्यतः ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स या तीनच वाद्यांचे अल्बम ऐकतेय. कामाला बसण्याआधी, रात्री जेवणं आटोपल्यावर, लांबच्या प्रवासात. सॅक्सोफोन आला की तिघांतली देवाणघेवाण बदलते, म्हणून जिमी स्मिथच्या ‘बॅक ॲट द चिकन शॅक’सारखा लाडका अल्बमही इथे घेतलेला नाही.

वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. हॅमंड बी-३ बाजारात आला १९५०च्या दशकाच्या मध्यावर. एकावर एक दोन कीबोर्ड, प्रत्येकी ६१ पट्ट्या, पायाशी २५ पेडल. आत पेटीसारख्या सुरांच्या पत्त्या नाहीत की भाता नाही. धातूच्या चकत्या चुंबकापुढे गरगर फिरतात आणि त्यातून सूर तयार होतो. आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीत वादकाचे पाय भाता हलवण्यात अडकलेले असत. इथे पाय मोकळे झाले आणि खर्ज वाजवायला लागले. पट्टी दाबताना जो बारीक ‘टक्’ असा आवाज येतो, तो हॅमंडच्या इंजिनियरांच्या लेखी दोष होता. जॅझवाल्यांनी नेमका तोच उचलला, कारण त्यानं प्रत्येक सुराला धार येते.

या ट्रिओत बास वाजवायला वेगळा माणूस नसतो. ऑर्गनवाल्याचा डावा हात खालच्या कीबोर्डवर बासची चाल धरतो, डावा पाय पेडलला हलके टोले देत त्या चालीला वजन देतो, उजवा हात वर गात असतो आणि उजवा पाय आवाज कमीजास्त करतो. ऑर्गनवादक जिमी स्मिथनं १९५६पासून ब्लू नोट या कंपनीसाठी जे अल्बम केले, त्यांनी ही पद्धत पक्की केली. इतक्या महिन्यांनंतर माझं सगळं लक्ष त्या डाव्या हातावर जातं. हा हात आणि ड्रमरची राइड सिंबल, म्हणजे लय धरून ठेवणारी मोठी झांज, एकमेकांना धरून चालली, तर बाकी सगळं जमून येतं. ती जोडी सैल असेल, तर वरचा हात कितीही धावो, अल्बम फार दिवस टिकत नाही.

म्हणूनच कळकळीनं सांगते, हे संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तिथे खर्जाचा भाग जवळजवळ गायब होतो आणि तिघांऐवजी अडीच माणसं वाजवतायत असं वाटतं. महागडी यंत्रणा लागत नाही. कानाला नीट बसणारे साधे वायरचे हेडफोनही काम भागवतात.

सगळ्यात जास्त वाजला तो ‘ऑर्गन ग्राइंडर स्विंग’. जिमी स्मिथ, गिटारवर केनी बरेल, ड्रम्सवर ग्रेडी टेट, १९६५, कंपनी व्हर्व्ह. त्या काळात स्मिथला मोठ्या बँडसोबत सादर करायची रीत पडली होती आणि ते अल्बम खपतही होते. इथे पुन्हा तिघंच. शीर्षकगीत अडीच मिनिटांच्या आत संपतं, पण खरा ऐवज संथ ब्लूजमध्ये आहे. ‘ओ, नो, बेब’ घ्या. बरेल सुरुवातीला जवळजवळ काहीच वाजवत नाही असं वाटतं. एक वाक्य टाकतो आणि थांबतो. त्या थांबण्यात टेटची काठी सिंबलवर संथ चालत राहते आणि खाली स्मिथचा डावा हात त्याच पावलांनी. स्मिथकडे वेग अफाट होता, तो मिरवायची त्याला आवडही होती. या अल्बममध्ये तो वेग हाताशी राखून ठेवतो आणि नेमका लागेल तेवढाच काढतो. ऑर्गन ट्रिओची ओळख करून घ्यायची असेल, तर मी सरळ इथून सुरुवात करा म्हणेन. स्मिथचं आधीचं, जास्त बेभान रूप हवं असेल तर ‘ग्रूव्हिन ॲट स्मॉल्स पॅराडाइज’ आहे. नोव्हेंबर १९५७मध्ये हार्लेममधल्या क्लबात प्रेक्षकांसमोर झालेलं ध्वनिमुद्रण. गिटारवर एडी मॅकफॅडन, ड्रम्सवर डोनाल्ड बेली. मला तो सलग ऐकायला जड जातो, एका बैठकीत दोन-तीन तुकडेच.

पण एकच अल्बम ठेवायची वेळ आली, तर मी गिटारवादक ग्रँट ग्रीनचा ‘टॉकिन अबाउट!’ ठेवेन. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत तिघं जमले: ग्रीन, ऑर्गनवर नेवार्कचा लॅरी यंग, आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. जोन्स त्या वेळी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत होता. पुढे तीनच महिन्यांनी, ९ डिसेंबरला, त्याच स्टुडिओत त्या चौकडीनं ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित केला. ‘टॉकिन अबाउट!’ची पहिलीच रचना, ‘टॉकिन अबाउट जे. सी.’, यंगनं कोल्ट्रेनच्या नावानं बांधलेली आहे.

ही रचना मी कितीदा ऐकली असेल ते सांगता येणार नाही. ग्रीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले अनेक सूर, जवळजवळ वाजवतच नाही, एकेरी सुरांची ओळ ओढत नेतो. मध्येच एखादा छोटा तुकडा पकडतो आणि तोच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कान म्हणतात, आता बदलेल. तो बदलत नाही. बदलतो तो खालचा जोन्स. प्रत्येक फेरीला तो टॉम ड्रमवरून, सिंबलवरून वेगळ्या बाजूनं येतो, तिप्पट लयीचे गोळे सोडतो, आणि तोच तुकडा दरवेळी नव्या उजेडात दिसतो. यंग या दोघांच्या मधे शांत आहे. त्याचा ऑर्गन गर्जत नाही, सूर पातळ आणि स्वच्छ ठेवतो, त्यामुळे जोन्सला पसरायला जागा मिळते. दुसऱ्या कोणी इथे सगळे ड्रॉबार (सुराचा पोत बदलणाऱ्या दांड्या) खेचून आवाज भरला असता तर सगळा गोंधळ झाला असता. याच अल्बमवर ‘पीपल’ हे त्याच वर्षी ब्रॉडवेवर गाजलेलं गाणंही आहे, आणि ते इतक्या मायेनं वाजवलंय की रात्री उशिरा मी अल्बम पहिल्यापासून न लावता सरळ तिथेच जाते.

ग्रीनचा त्याआधीचा ‘ग्रँट्स फर्स्ट स्टँड’ (१९६१, ऑर्गनवर बेबी फेस विलेट, ड्रम्सवर बेन डिक्सन) साधा, सरळ आणि चर्चच्या रंगाचा. स्वयंपाक करताना याच्यासारखी दुसरी सोबत नाही.

वेस माँटगोमेरीच्या अल्बमांना वेळ द्यावा लागला. इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार, तीही पिकशिवाय, नुसत्या अंगठ्यानं. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीनं त्याला तिथे ऐकलं, रिव्हरसाइड कंपनीला कळवलं, आणि ऑक्टोबर १९५९मध्ये ‘द वेस माँटगोमेरी ट्रिओ’ झाला. ऑर्गनवर त्याचा गावचा जोडीदार मेल्व्हिन ऱ्हाइन, ड्रम्सवर पॉल पार्कर. ऱ्हाइनचा ऑर्गन इतका कोरडा आणि मोजका आहे की स्मिथ ऐकून आलेल्याला तो फिका वाटेल. काही आठवड्यांनी त्यातली शिस्त कळायला लागते. माझ्या मते या जोडीचा खरा बहर १९६३च्या ‘बॉस गिटार’मध्ये आहे, कारण तिथे ड्रम्सवर जिमी कॉब आला. ‘बेसामे मूचो’ त्यांनी तीनच्या झुलत्या लयीत घेतलंय. आधी माँटगोमेरी एकेका सुरानं जातो, मग तेच सप्तकाच्या जोडीनं, खालचा आणि वरचा सूर एकदम. अंगठ्यानं वाजवल्यामुळे त्या जोडसुरांना जी गोलाई येते, ती मला दुसऱ्या कुठल्याच गिटारमध्ये सापडलेली नाही.

गिटारवादक पॅट मार्टिनोचा ‘लाइव्ह ॲट योशीज’ मी जपून ऐकते, कारण तो ऐकताना दुसरं काही करता येत नाही. १९८०मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मार्टिनोची स्मृती मोठ्या प्रमाणात गेली. आपलेच जुने अल्बम ऐकत तो गिटार पुन्हा शिकला. डिसेंबर २०००मध्ये ओकलंडच्या योशीज क्लबात त्याच्यासोबत ऑर्गनवर जोई डिफ्रान्सेस्को आहे आणि ड्रम्सवर बिली हार्ट, ज्यानं तरुणपणी जिमी स्मिथ आणि वेस माँटगोमेरी दोघांनाही साथ केली होती. इथे ते ‘एल ओम्ब्रे’ वाजवतात. १९६७मध्ये याच नावाचा मार्टिनोचा पहिला अल्बम आला होता, त्यातही ऑर्गन होता, ट्रुडी पिट्सचा. मार्टिनो आता नाही, डिफ्रान्सेस्कोही ऑगस्ट २०२२मध्ये ५१व्या वर्षी गेला. शेवटच्या ‘कॅच’पर्यंत त्या दोघांनी जी आग लावून ठेवलीय ती ऐकावीच.

आता कठीण अल्बम. ड्रमर टोनी विल्यम्सच्या लाइफटाइम या बँडचा ‘इमर्जन्सी!’, १९६९. वाद्यं तीच: लॅरी यंगचा ऑर्गन, जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, विल्यम्सचे ड्रम्स. ‘टॉकिन अबाउट!’मधला तोच सौम्य यंग इथे वादळासारखा येतो. ध्वनिमुद्रण फाटकं आहे, मोठ्या आवाजात तर कानाला टोचतं, आणि विल्यम्सचं मधलं गाणं-बोलणं मला आजही रुचत नाही. तरीही ‘व्हाशकार’ लावलं की तिघांनी सगळं पणाला लावलंय हे जाणवतं. हाच मॅकलॉफ्लिन पुढे माहीमच्या झाकिर हुसेनना भेटला आणि ‘शक्ती’ हा बँड उभा राहिला, हे मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको. शक्ती आवडणाऱ्यांनी ‘इमर्जन्सी!’ एकदा तरी ऐकावा, पण पहिला म्हणून नको.

एक तक्रार सगळ्या अल्बमांना लागू. मी ज्या ॲपवर ऐकते तिथे मुख्य कलाकाराचं नाव दिसतं, साथीदारांची नावं बहुतेक वेळा नाहीतच. या संगीतात ड्रमर कोण हे कळलं नाही तर अर्धी माहिती हरवते. नावं शोधून हातानं वहीत लिहून ठेवायची सवय लागली, आणि आता नवा अल्बम निवडताना मी आधी ड्रमर बघते.

आजच्या मंडळींमध्ये लॅरी गोल्डिंग्ज (ऑर्गन), पीटर बर्नस्टीन (गिटार) आणि बिल स्टुअर्ट (ड्रम्स) यांना तोड नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ऑगीज क्लबात एकत्र वाजवायला लागलेले हे तिघं अजून एकत्र आहेत. ‘टॉय ट्यून्स’ (२०१८) ऐका. इतक्या वर्षांच्या सोबतीमुळे कोणालाच काही सिद्ध करायचं उरलेलं नाही, आणि स्टुअर्टची सिंबल गोल्डिंग्जच्या डाव्या हाताला इतकी चिकटून चालते की कोण कोणाला नेतंय ते सांगता येत नाही.

सध्या जॉन ॲबरक्रॉम्बी (गिटार), डॅन वॉल (ऑर्गन) आणि ॲडम नसबॉम (ड्रम्स) यांचे ईसीएम या कंपनीचे नव्वदच्या दशकातले अल्बम सुरू आहेत. तिथे ऑर्गन धुक्यासारखा पसरतो, ब्लूज जवळजवळ नाहीच, आणि मी अजून ‘व्हाइल वी आर यंग’च्याच आसपास आहे. त्यांच्याबद्दल पावसाळा संपल्यावर लिहीन.