किटली दिसली पाहिजे: भांडीबाजाराजवळचा रविवारचा पिक्सेल वर्ग

सातव्या रविवारी मी गेमसाठी काढलेला चहावाला सगळ्यांना चहावाला दिसला. तोवर तो कधी पोतं उचललेला हमाल होता, कधी पोटावर हात धरून चाललेला आजारी माणूस. त्या दिवशी समोरच्या चौदा वर्षांच्या मुलाने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाला, "काका, हा चहा घेऊन कुठे पळतोय?" मला फार आनंद झाला. या वर्गाबद्दल लिहायचं ते त्यामुळेच.

नाशिकच्या भांडीबाजाराजवळच्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी दहा ते बारा हा वर्ग भरतो. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी चौकटी-चौकटींची चित्रं, म्हणजे पिक्सेल आर्टचे स्प्राइट (गेममधली हलणारी पात्रं), तिथे शिकवतात. खरं तर शिकवणं थोडं आणि तपासणं जास्त. आठ रविवार, बत्तीसशे रुपये, एका तुकडीत सहाच जण. बाहेर पाटी नाही. शिकवणाऱ्या मॅडमना आपलं नाव कुठे यायला नको आहे, म्हणून मीही ते देत नाही. त्या भागात कुणालाही विचारलं तर माडी दाखवतील.

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. चित्रकलेचा आणि माझा संबंध शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेपुरता. पण गेली दोन वर्षं डोक्यात एक गेम घोळतोय. गोदावरीला पूर येतोय, घाटावरचा चहावाला किटली घेऊन पायऱ्या चढतोय, आणि पाणी किती चढलं ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतंय. नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कंबरेला, यावरच आमच्याकडे पुराची गोष्ट सुरू होते. माझ्या गेममध्ये आकड्यांची पट्टी नाही, मारुतीच मोजपट्टी आहे.

आधी मी एक ऑनलाइन कोर्स केला होता. व्हिडिओ चांगले होते. पण चित्र पाठवलं की उत्तर यायचं, "छान, प्रगती आहे, सराव चालू ठेवा." चार वेळा तेच आलं. कारखान्यात मी एखाद्या पार्टवर नुसतं "छान" लिहून पाठवला तर माझी नोकरी जाईल. काय चुकलं, कुठे चुकलं, किती चुकलं, हे लिहावंच लागतं. इथे मला नेमकं ते मिळालं.

पद्धत अशी. चित्र आधी मूळ मापात दाखवायचं, मोठं करून नाही. काढणाऱ्याने पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी काय दिसतं एवढंच सांगायचं. आवडलं-नावडलं चालत नाही. मग मॅडम बोलतात. पहिल्या रविवारी माझ्या चहावाल्याला त्यांनी एका क्लिकमध्ये पूर्ण काळा रंग भरला. सोळा बाय चोवीस पिक्सेलचा काळा डाग उरला. त्या म्हणाल्या, "आता किटली दाखवा." दाखवता आली नाही. मी ती छातीसमोर धरलेली काढली होती, त्यामुळे सावलीत ती अंगातच विरघळली होती. हात दोन पिक्सेल बाहेर घेतला, किटली अंगापासून सुटी केली, तोटीला एक पिक्सेल दिला. एवढं सुचायला मला तीन आठवडे लागले, कारण मॅडम माऊस हातात घेत नाहीत. तुमच्या चित्रावर त्या स्वतः कधी रेघ ओढत नाहीत. तेव्हा याचा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी काढून दिलं असतं तर मला फक्त ती एक किटली मिळाली असती.

रंगांचीही बंधनं घालून देतात. पहिले दोन आठवडे फक्त चार छटा, हातात धरून खेळायच्या जुन्या गेम बॉयसारख्या. मग एनईएसचा, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम यंत्राचा नियम: एका स्प्राइटला तीन रंग आणि चौथा पारदर्शक. हे उगाच शिस्तीसाठी नाही. त्या यंत्राचे स्प्राइट आठ बाय आठच्या किंवा आठ बाय सोळाच्या तुकड्यांचे असत, आणि पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच तुकडे बसत. म्हणून गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची. लहानपणी पंचवटीत मामाकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, त्यात शत्रू जास्त आले की चित्र असंच लुकलुकायचं आणि आम्ही वायर हलवायचो. वायरीचा काही दोष नव्हता, हे मला चाळिशीत कळलं.

तीन रंगांत माणूस बसवायचा म्हणजे काय सोडायचं ते ठरवावं लागतं. मी केसांवर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. मॅडमनी १९८१च्या डाँकी काँग या गेममधला मारिओ दाखवला. तो गेम बनवणाऱ्या मियामोतोंनी त्याला टोपी दिली कारण एवढ्या जागेत केस नीट दिसत नव्हते, आणि मिशी दिली म्हणजे तोंड काढायला नको. मग मी चहावाल्याला पांढरी टोपी घातली. केस गेले, एक रंग वाचला, आणि घाटावरच्या माणसासारखा तो पहिल्यांदा दिसला.

रेषांच्या बाबतीत मात्र माझी नोकरी कामाला आली. मारुतीच्या खांद्याची कमान मी चार, दोन, तीन, एक पिक्सेल अशा तुकड्यांनी काढली होती. मॅडम म्हणाल्या, "बोट फिरवून बघा, कुठे टोचतं?" पार्टच्या कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची टोचणारी कड, आम्ही कारखान्यात अशीच बोटाने शोधतो. चार, तीन, दोन, एक केलं आणि खांदा गुळगुळीत झाला. माझी दुसरी मोठी खोड म्हणजे कडेने गडद आणि मधोमध उजेड. याला पिलो शेडिंग म्हणतात, कारण वस्तू उशीसारखी फुगलेली दिसते. उजेड कुठून येतोय ते आधी ठरवा, असं त्यांनी सांगितलं. मी सकाळी पूर्वेकडून ठरवला. शेंदराच्या सावलीत काळा मिसळायचा नाही, तिला लालसर-जांभळ्याकडे न्यायचं, आणि उजेडाला पिवळ्याकडे. हा बदल केल्यावर दगडाचा मारुती उन्हात उभा असल्यासारखा वाटला.

या वर्गातली सर्वांत मोलाची वस्तू कोपऱ्यात आहे: चौदा इंची जुना काचेचा टीव्ही. लॅपटॉपचं चित्र त्यावर दिसेल अशी जोडणी मॅडमनी केली आहे. मी पाण्यासाठी दोन रंगांचे ठिपके एकाआड एक भरले होते, ज्याला डिदरिंग म्हणतात. लॅपटॉपवर ते वाळू सांडल्यासारखं दिसत होतं. टीव्हीवर तेच ठिपके एकमेकांत मिसळले आणि मधला तिसरा रंग उमटला. जुन्या गेमचे चित्रकार या काचेसाठी काढत होते. आज आपण त्यांचं काम धारदार पडद्यावर बघून "किती खडबडीत" म्हणतो, तो त्यांच्यावर अन्याय आहे. माझा गेम मोबाइलवर चालणार, म्हणून पाण्यातले ठिपके मी कमी केले आणि सपाट पट्टे वाढवले.

चालण्याच्या चार फ्रेमवर, म्हणजे एकामागोमाग दिसणाऱ्या चार चित्रांवर, पूर्ण दोन रविवार गेले. पाय पसरलेला असताना अंग खाली, पाय जुळताना एक पिक्सेल वर, इथपर्यंत मला जमलं होतं. पण किटली पावलागणिक अंगाबरोबर उडत होती. आमच्यातल्या एक काकू, ज्या मुलासाठी वर्गाला येतात आणि स्वतःही काढतात, म्हणाल्या, "भरलेली किटली अशी उडत नाही हो, हात ओढते ती." मॅडम गप्पच बसल्या. मी किटली एक फ्रेम मागे ठेवली, आणि तिच्यात चहा भरला गेला. दर फ्रेमला शंभर मिलिसेकंद ठेवलं होतं, ते एकशे चाळीस केल्यावर वजन आणखी जाणवलं.

पाचव्या रविवारी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. मॅडमनी वर्ग तासाभरात आवरला आणि आम्हाला पाणी बघायला नेलं. गर्दी होती, पाणी मारुतीच्या मांड्यांपर्यंत. मी गेममध्ये नदी निळी काढली होती. समोर चहासारखं मातकट पाणी वाहत होतं, त्यावर फेसाचे पिवळट पट्टे, आणि मारुतीला लागून पाणी दोन्ही बाजूंनी फुगत होतं. घरी जाऊन मी निळा रंग काढून टाकला.

आता गैरसोयी. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचार करावा. गाडी लावायला जागा नाही. मी गाडगे महाराज पुलाजवळ लावून चालत जायचो. लिखित टिपा मिळत नाहीत, स्वतःची वही न्या. एका रविवारी एकाच्या चित्रावर पाऊण तास गेला आणि माझी पाळीच आली नाही. फी भरून आलेल्याला हे खटकतं. मी बोललो, तेव्हापासून घड्याळ लावतात.

मधल्या दिवसांत चित्र व्हॉट्सॲपवर पाठवता येतं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की कडा पुसट होतात आणि मॅडम ते परत पाठवतात. मोठं करायचं तर चारपट, आठपट असं पूर्ण पटीत करा. दीडपट केलंत तर काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात.

लॅपटॉप आपला आणावा लागतो. मॅडम एसप्राइट हे पिक्सेल चित्रांचं सॉफ्टवेअर वापरतात. ते विकतचं आहे, चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होत नाही. २०१६ साली त्याचा परवाना बदलला, त्याच्या आधीच्या मुक्त आवृत्तीवरून निघालेलं लिब्रेस्प्राइट फुकट आहे. मी आठही रविवार तेच वापरलं, काही अडलं नाही.

किटलीतून निघणारी वाफ मला अजून जमलेली नाही. तीन पिक्सेलची वाफ टोपीवर बसलेल्या पक्ष्यासारखी दिसते, असं शेवटच्या रविवारी चौघांनी सांगितलं. त्यासाठी दिवाळीनंतरच्या तुकडीत मी पुन्हा नाव घातलं आहे.