पंख्याचा वेग कुठून बांधायचा: बायोस, विंडोज की लिनक्स?

परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की माझ्या पत्र्याच्या खोलीतला कॉम्प्युटर काही काम नसतानाही कोकलायला लागतो. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग हा धंदा, त्यामुळं दुपारी मशीन बंद ठेवून भागत नाही. म्हणून पंख्याचा वेग ठरवायच्या तिन्ही वाटा वापरून पाहिल्या: बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा, मदरबोर्डावरचाच प्रोग्रॅम), विंडोज आणि लिनक्स.

आधी एक गोष्ट. नेटवर मिळणारे बरेच कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरवायचा याचे आराखडे, थंड खोली धरून केलेले असतात. पंखा खोलीतलीच हवा फेकतो, त्यामुळं प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्य नाही. खोली १५ अंशांनी तापली की तोही साधारण तेवढाच वर सरकतो. ४५ अंशांपासून वेग वाढवणारा कर्व्ह लावला, तर आपल्याकडं पंखा दिवसभर पळणार आणि हाती काहीच लागणार नाही. मी ६० पर्यंत पंखा शांत ठेवतो, तिथून वेग वाढवत नेतो आणि ८५ ला पूर्ण सोडतो.

बायोस ही सगळ्यात भरवशाची जागा. विंडोज अडकलं, लॉगिन झालं नाही, लाइट जाऊन परत आली, तरी कर्व्ह आपला चालूच. फक्त पंख्याची पिन बघून मोड निवडा: चार पिनचा असेल तर पीडब्ल्यूएम (वेग वेगळ्या तारेवरच्या सिग्नलनं ठरतो), तीन पिनचा असेल तर डीसी (वेग व्होल्टेज कमी-जास्त करून ठरतो). माझा मागचा पंखा तीन पिनचा. तो चुकून पीडब्ल्यूएमवर राहिला होता आणि महिनाभर पूर्ण वेगानं ओरडत होता. मी बेअरिंगला दोष देत बसलो. बायोसची खोट एवढीच की ग्राफिक्स कार्डाचं तापमान त्याला सहसा दिसत नाही. शिवाय मेन स्विच रोज बंद करायची सवय असेल तर बोर्डावरचा सेल लवकर उतरतो, आणि सेल गेला की तुमचा कर्व्हही गेला.

विंडोजवर फॅन कंट्रोल हा फुकटचा प्रोग्रॅम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांतलं जे जास्त तापलं असेल त्याच्यामागं कॅबिनेटचे पंखे लावता येतात. रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला, बसलं की याची किंमत कळते. वेग खाली येण्याआधी काही सेकंद थांबायची सोयही त्यात आहे, नाहीतर पंखा सारखा हुंदके देतो. अडचण ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. असे बरेच प्रोग्रॅम पूर्वी विनरिंगझिरो नावाच्या ड्रायव्हरवर चालायचे. त्यात सुरक्षेचं भगदाड आहे, म्हणून २०२५ मध्ये विंडोजचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तो अडवायला लागला. फॅन कंट्रोलच्या पुढच्या आवृत्त्यांनी त्याऐवजी पॉनआयओ हा दुसरा ड्रायव्हर घेतला. जुनी आवृत्ती चालावी म्हणून डिफेंडरच बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, नवी उतरवून घ्या. स्पीडफॅन या जुन्या प्रोग्रॅमचं नाव अजून निघतं, पण नव्या बोर्डांवर त्याला बहुतेक काही दिसतच नाही.

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हा छोट्या प्रोग्रॅमांचा संच. सेन्सर्स-डिटेक्ट तापमान आणि पंखे बघणारी चिप शोधतं, पीडब्ल्यूएमकॉन्फिग एकेक पंखा थांबवून कोणता कुठं जोडलाय ते तपासतं, मग फॅनकंट्रोल (विंडोजवाल्या फॅन कंट्रोलशी याचा संबंध नाही) ताबा घेतं. चिपचा ड्रायव्हर, म्हणजे एनसीटी६७७५ किंवा आयटी८७, बसला तर काम चोख. पण रीबूटनंतर लिनक्सनं अशा चिपांना दिलेले नंबर बदलले की फॅनकंट्रोल सुरूच होत नाही. कूलरकंट्रोल या दुसऱ्या प्रोग्रॅमची खिडकी त्यापेक्षा सोपी. (लॅपटॉपवाल्यांनी यात पडू नये; तिथं पंखा सहसा कंपनीच्या आतल्या कंट्रोलरच्याच हातात असतो.)

आणि यातलं काहीही करण्याआधी कव्हर उघडा. आमच्या गल्लीमागं जिनिंग आहे. दिवाळीनंतर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर कापसाची चक्क गादी बसलेली होती. ब्रशनं ती काढली, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला, तेवढ्यानंच फरक पडला.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बायोसवरच थांबा. माझ्याकडं कार्ड आहे, म्हणून प्रोसेसरचा पंखा बायोसच्या ताब्यात ठेवलाय आणि कॅबिनेटचे पुढचे दोन पंखे विंडोजच्या फॅन कंट्रोलकडं दिलेत. प्रोग्रॅम मध्येच मेला तर ते शेवटच्या वेगावर अडकू शकतात. म्हणून त्यांचा किमान वेग ५० टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही.