कर्नलनं खाल्लेली माझी दीड जीबी रॅम : पाच महिन्यांचा अनुभव

खानापुरात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅम, लिनक्स. वायफाय मधेच तुटायचं म्हणून बेळगावात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्यानं मे महिन्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करून घातला. तेव्हापासून मशीन चिखलात रुतल्यागत.

गंमत अशी, एक मोठा फोटो उजळ करायला पूर्वीइतकाच वेळ. पण रेशनकार्डांच्या दोन हजार स्कॅनचं फोल्डर कॉपीला लावलं की चहा पिऊन यावं. दुरुस्तीवाला म्हणाला, "रॅम कमी पडतीय." घातली आणखी चार जीबी, रोख पैसे मोजून. मशीन मात्र साडेदहाच्या आसपासच दाखवतंय! दोनदा कांडी काढून पुसून बसवली.

दसऱ्याला भाचा आला. "मामा, कर्नलमधले डीबगचे, म्हणजे चुका शोधायचे, पर्याय चालूच राहिले की ओ." मी आधी मॉड्यूलच्या, म्हणजे कर्नलच्या सुट्या भागांच्या, अगडबंब फायलींवर घसरलो. तो म्हणाला, ती नुसती डीबग माहिती, डिस्कवर पडून असते, वेग खात नाही. खाणारे वेगळे. लॉकडेप (२००६ पासून आहे) कर्नलमध्ये दोघांनी एकाच गोष्टीला एकदम हात लावू नये म्हणून लागणारं प्रत्येक कुलूप (लॉक) कुठल्या क्रमानं लागलं ते तपासतं. आणि कासान, मेमरीतल्या चुका पकडणारा, २०१५ च्या ४.० कर्नलपासूनचा, कर्नलनं मेमरीला हात लावला की दरवेळी आडवा येतो. कोरोनात कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट बघायचे, तसं. फोटो उजळणं हे प्रोग्रामचं स्वतःचं गणित, नाका लागतच नाही. फाईल उघडा, वाचा, लिहा, बंद करा, ही कामं मात्र कर्नलची, की दरवेळी नाका. दोन हजार फायली म्हणजे किती, हिशोब करा.

शिवाय दर आठ बाइटांमागे एक बाइट हा कासान स्वतःच्या नोंदीला ठेवतो. बारा जीबीत दीड! म्हणजे नव्या कांडीतलाही अर्धा जीबी ह्यानंच गिळला. रॅम माझी, पैसे माझे.

कर्नल उडवणारच होतो. पण लॉगमध्ये कासाननं एक ओळ लिहून ठेवलेली : मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली, आणि खाली नाव त्याच वायफाय ड्रायव्हरचं. साध्या कर्नलवर कारण कधी कळलं नसतं. त्यामुळे शिवी अर्धी मागे घेतो. आता डीबगवाला आणि साधा, दोन्ही कर्नल ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येणारी यादी) आहेत, रोज साधाच चालतो, फोल्डर बघता बघता कॉपी होतं.

कांडी दुकानदार परत घेत नाही. भाच्याकडून पैसे मागितले तर ताई म्हणाली, "पोरानं फुकट काम केलं ते दिसत नाही होय रे तुला?"