सकाळपाळी की दुपारपाळी? बडोद्यातील पालकांसाठी तुलनात्मक आढावा

बडोद्यात दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. सकाळपाळी साधारण सात-सव्वासातला भरून बाराच्या सुमारास सुटते आणि दुपारपाळी बाराच्या पुढे भरून पाच-साडेपाचला सुटते. केंद्रीय मंडळाच्या बऱ्याच शाळांत आठच्या आसपास भरणारी एकच पाळी असते. जूनमध्ये प्रवेश घेताना, पाळी बदलून मागताना, किंवा शाळेने वेळ बदलण्याबाबत पालकांचे मत मागवले असता घराघरांत जी चर्चा होते, ती बहुधा वडिलांच्या ड्यूटीपासून सुरू होते, मग आईच्या डब्यावर येते आणि शेवटी रिक्षाच्या भाड्यावर थांबते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी मुलाचे वय पाहावे, मग आपल्या घरातला दिवा रात्री प्रत्यक्षात किती वाजता मालवतो ते पाहावे, आणि बाकीच्या सोयी त्यानंतर बसवाव्यात.

वयाचा मुद्दा आधी घ्यायचे कारण असे की लहान मूल आणि चौदा वर्षांचे मूल यांची झोप एकसारखी नसते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. मात्र तासांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की वयात येताना मेंदूत झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि झोपेची नैसर्गिक वेळ दोन तासांपर्यंत पुढे सरकू शकते. आठवी-नववीतला मुलगा दहा वाजता अंथरुणावर पडूनही अकरापर्यंत जागा असेल, तर त्यात मोबाइलचा वाटा असू शकतो, पण सगळा दोष मोबाइलचा नसतो. याउलट पाच-सात वर्षांचे मूल वेळेवर झोपले तर सहाला आपणहून उठून बसते, हे आजी-आजोबा असलेल्या कोणत्याही घराला ठाऊक आहे.

आता आपल्याकडची व्यवस्था पाहा. इमारत एक आणि वर्ग दुप्पट अशी स्थिती असल्यामुळे पाळ्या पाडाव्या लागतात, आणि अनेक शाळांत माध्यमिकचे मोठे वर्ग सकाळी व प्राथमिकचे वर्ग दुपारी बसवले जातात. मोठी मुले लवकर उठू शकतात, लहानांना उठवणे जिवावर येते, हा त्यामागचा विचार मायेचा आहे, पण शरीराच्या घड्याळाशी तो जुळत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली शिफारस केली की मोठ्या वर्गांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा अभ्यासकांना मुलांच्या रोजच्या झोपेत सुमारे ३४ मिनिटांची वाढ आढळली. ‘उशिरा शाळा म्हणजे उशिरा झोपायला मोकळीक’ हा आक्षेप आपल्याकडेही हमखास घेतला जातो, म्हणून हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. वाढीव वेळेचा मोठा भाग मुलांनी खरोखर झोपेतच घालवला. कॅलिफोर्नियात तर जुलै २०२२ पासून मोठ्या वर्गांना साडेआठच्या आत बोलावण्यास कायद्यानेच मनाई आहे.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून आपल्याला वेगळा दाखला ऐकू येतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. घरेच रात्री उशिरा झोपतात, मग मुलांना पहाटे उठवल्याने त्यांची झोप तुटते, हे त्यामागचे कारण आहे आणि ते खरेही आहे. मात्र या दाखल्यावरून ‘लहानांना उशीर, मोठ्यांना पहाट’ असा निष्कर्ष बडोद्यातल्या पालकांनी काढू नये. लहानांची अडचण घराने आपली रात्र आवरली तर सुटू शकते, पण नववीतल्या मुलाची अडचण केवळ दिवा मालवून सुटत नाही.

बडोद्यापुरती आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार क्वचितच होतो. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे आणि बडोदे त्याच्या सव्वानऊ अंशांनी पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटे मागे चालतो. नागपूरपेक्षाही आपल्याकडे सूर्य साधारण २४ मिनिटे उशिरा उगवतो. जानेवारीत इथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे ७.१० ची शाळा असलेले मूल अंधारात उठते, अंधारात दूध पिते आणि स्वेटर घालून उजाडण्याआधी वर्धीच्या, म्हणजे महिन्याच्या भाड्यावर शाळेची मुले नेणाऱ्या, रिक्षात बसते. नागपूरच्या मावशीची मुले सातच्या शाळेत जात होती, हे उदाहरण इथे तसेच्या तसे लागू पडत नाही.

सकाळपाळीचा हिशेब कागदावर मांडून पाहणे उपयोगी ठरते. शाळा ७.१० ला असेल तर रिक्षा साडेसहाला दारात येते, कारण तिला आणखी पाच-सहा घरे घ्यायची असतात, आणि मूल पावणेसहाला उठते. दहा वर्षांच्या मुलाला किमान नऊ तास द्यायचे तर ते पावणेनऊला झोपी गेलेले हवे. वडील मकरपुऱ्याहून साडेसातला येत असतील, जेवण साडेआठला होत असेल आणि त्यानंतर गृहपाठाची वही उघडत असेल, तर या घरात ते शक्य नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. ज्या घरात सात-साडेसातला जेवणे उरकतात, तिथे प्राथमिकच्या मुलासाठी सकाळपाळी खरोखर चांगली आहे. डोके ताजे असताना अभ्यास होतो, दुपारी घरी येऊन मूल तासभर निजू शकते, आणि संध्याकाळ कमाटीबागेतल्या खेळासाठी किंवा गाण्याच्या क्लाससाठी मोकळी राहते. ‘पहाटे केलेला अभ्यास लक्षात राहतो’ हे आजोबांचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु आजोबा नऊला झोपत होते.

दुपारपाळीची बाजू जेवणाच्या बाबतीत निर्विवाद वरचढ आहे. अकराला गरम वरण-भात, पोळी-भाजी खाऊन मूल शाळेत जाते. सकाळपाळीत पहाटे धड खाववत नाही, डबा साडेनवाला थंड होऊन उघडतो आणि खरे जेवण एक वाजता होते. पाच वाजता उठून डबा करणारी, त्याच वेळात येणारे पाणी भरणारी आणि मग स्वतः नोकरीला जाणारी आई जेव्हा दुपारपाळी मागते, तेव्हा तिच्या मागणीकडे केवळ सोय म्हणून पाहू नये. तिची झोप हीदेखील घराच्या आरोग्याचाच भाग आहे.

दुपारपाळीचे तोटेही ठळक आहेत. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना पावणेबाराला घराबाहेर पडावे लागते, आणि जेवणानंतरचे पहिले दोन तास वर्गात सुस्ती असते. थंडीत साडेपाचला सुटलेले मूल घरी पोहोचेपर्यंत उजेड संपत आलेला असतो, म्हणून मैदान सुटते. सर्वांत मोठा तोटा मात्र आपण स्वतः ओढवून घेतो. सकाळ रिकामी दिसली की सातची ट्यूशन लावली जाते. तसे झाले तर दुपारपाळीचा झोपेसाठी काहीही उपयोग उरत नाही आणि मुलाचा दिवस सकाळपाळीपेक्षाही लांबतो. दुपारपाळी घ्यायची असेल तर सकाळचा क्लास नऊच्या आधी लावायचा नाही, हे आधीच ठरवावे.

आई-वडील दोघेही नोकरी करत असतील तर प्रश्न असा की मूल घरी एकटे नेमके कधी राहणार. सकाळपाळीचे मूल साडेबारा ते सहा एकटे असते, दुपारपाळीचे साडेनऊ ते साडेअकरा. दुसरा काळ लहान आहे, पण त्यात तयारी करून, कुलूप लावून वेळेवर निघायची जबाबदारी मुलावर पडते. दांडिया बाजार किंवा बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरात आजी असते, शेजारच्या काकू हाक मारतात. मांजलपूर-गोत्रीच्या फ्लॅटमध्ये ते गृहीत धरता येत नाही. आजी नसलेल्या घरात दहा वर्षांखालील मुलासाठी मी दोन्ही पाळ्यांपेक्षा एकाच पाळीची, आठ-साडेआठची शाळा पसंत करेन, मग ती थोडी लांब असली तरी चालेल.

रिफायनरी किंवा खत कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या वडिलांसाठी दुपारपाळी अनपेक्षितपणे बरी पडते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ एकत्र मिळते आणि तीन ते अकराच्या आठवड्यात सकाळ. सकाळपाळीच्या मुलाला सेकंड शिफ्टवाले वडील दुपारी जेमतेम तासभर दिसतात. फक्त नाईटच्या आठवड्यात, वडील सकाळी येऊन झोपलेले असताना घरात मूल असणे दोघांनाही जड जाते.

पाळी बदलताना रिक्षावाल्याशी आधी बोलावे. एकच गाडी सकाळची मुले सोडून दुपारची मुले आणते, त्यावर त्याचे महिन्याचे गणित बसते. शाळेने एकाच वर्गाची वेळ अर्धा तास सरकवली तरी फेरी मोडते आणि भाडे वाढते. दोन भावंडे दोन पाळ्यांत असतील तर आईचा दिवस पहाटे पाचपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत तुटक तुटक होतो. अशा वेळी थोरल्याच्या वयाला झुकते माप द्यावे असे मला वाटते. नवरात्राचे नऊ दिवस हा वेगळा मुद्दा आहे. मध्यरात्रीपर्यंत गरबा आणि सकाळी सातला शाळा हे सकाळपाळीच्या घरात जमत नाही, आणि त्या काळात घटक चाचणी असते का, हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे.

थोडक्या वयाच्या मुलासाठी, घर लवकर झोपत असेल तर सकाळपाळी आणि नसेल तर एकच पाळी किंवा दुपारपाळी, असे मी सुचवेन. आठवीपासून पुढे पर्याय असल्यास सातची शाळा टाळावी. ‘बोर्डाच्या परीक्षेसाठी पहाटेची सवय हवी’ असे शाळेने सांगितले तर लक्षात घ्यावे की गुजरात बोर्डाची दहावीची परीक्षा अलीकडच्या वर्षांत सकाळी दहाला आणि बारावी विज्ञान शाखेची दुपारी तीनला सुरू होत आली आहे. अर्ज भरण्यापूर्वी शाळेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: नववीत गेल्यावर मुलाची पाळी आपोआप बदलणार का, आणि बदलल्यास परत दुपारपाळी मागण्याची मुदत कोणती.