एका ॲम्पवर सगळं बसवतो म्हणाला आणि २७ हजाराला गंडवलं

लिहायला जरा लाजच वाटतेय कारण मी स्वतःला लय हुशार समजायचो, पण परवा ऑफिसमधला एक जण असाच साऊंड बसवायला गाडी घेऊन निघाला होता म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. दुकानाचं नाव लिहीत नाही. हे एकाच दुकानात चालतं असंही नाही.

मागच्या वर्षी पुण्यात सेकंडहँड स्विफ्ट घेतली, गाडी एकदम मस्त पण कंपनीचे स्पीकर म्हणजे नुसती चिरचिर. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की पुढच्या दारात चांगले साडेसहा इंची स्पीकर, डिकीत एक वूफर आणि हे सगळं एकाच ॲम्पवर (स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर), कारण दोन ॲम्प, दोन वायरी, दुप्पट खर्च कशाला. दुकानदार म्हणाला, "काही काळजी करू नका शेठ, फोर चॅनेल टाकू, दोनवर स्पीकर, दोन ब्रिज करून वूफर, गाडी हलली पाहिजे." आता ही आयडिया बरोबरच होती बरं का, फोर चॅनेल ॲम्पवर असंच करतात, ब्रिज म्हणजे दोन चॅनेल जोडून एक करायचे, त्यामुळे मला डाऊट यायचं काही कारणच नव्हतं. ४,५०० चे स्पीकर, ९,५०० चा ॲम्प, ८,५०० चा वूफर पेटीसकट, ३,००० चं ४ गेजचं प्युअर कॉपर वायरिंग किट आणि १,५०० फिटिंग, झाले २७,०००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला उगाच जीएसटी वाढेल, हे घ्या, आणि एक चिठ्ठी दिली, वरती एस्टिमेट लिहिलेली. पैसे कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर. मी पण मुकाट दिले, तिथंच पहिली चूक.

डेमोला आवाज असला भारी की बाजूच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास वाजायला लागले. नंतर कळलं की दुकानातल्या पोऱ्यानं गेन फुल करून ठेवला होता आणि बास बूस्ट पण फुल, म्हणजे गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जाईपर्यंतच काम. गेन म्हणजे आवाजाचं बटण नसतं, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो, हे मला तेव्हा कुठं माहीत.

तीन आठवड्यांनी कराडला बहिणीकडं चाललो होतो, खंबाटकी घाट चढताना आवाज एकदम बंद. डिकी उघडली तर ॲम्पवर लाल लाईट आणि हात लावायची सोय नाही इतका तापलेला. अर्ध्या तासाने आपोआप चालू, परत वीस मिनिटांनी बंद. पुण्यात आल्यावर दुकानात गेलो तर तोच माणूस आता म्हणतो, "शेठ, एका ॲम्पवर एवढा लोड होत नाही, वूफरला वेगळा मोनोब्लॉक, म्हणजे एका चॅनेलचा ॲम्प, घ्या, १२ हजारात करून देतो." अरे मग आधी काय बोलला होतास! मी नाही म्हटलं तर पोऱ्याने ॲम्पचे २५ अँपिअरचे दोन फ्यूज काढून ४० चे टाकले आणि म्हणाला आता नाही बंद पडणार. तो पोऱ्या बोलता बोलता सहज बोलून गेला, "बरेच जण महिन्याभरात परत येतात, मग मोनो टाकतात." त्यावेळी ते डोक्यात शिरलंच नाही.

पुढच्या महिन्यात परत तोच रस्ता, साताऱ्याच्या पुढं अतीत ओलांडलं आणि गाडीत जळका वास. डिकीतून धूर. बायको आणि पोरगी मागं बसलेली, कशी गाडी बाजूला घेतली माझं मला माहीत. नशीब म्हणजे बॅटरीचं टोक सोडायला टूलकिटातला पाना होता.

आमचे दाजी कराडकडं डॉल्बी भाड्याने देतात, लग्नं, मिरवणुका, पंधरा-वीस वर्षं झाली. त्यांनी डिकी उघडली, वूफरच्या वायरी सोडल्या, मल्टीमीटर लावला आणि मला बोलावलं, "पाव्हणं, हिकडं बघा." आकडा होता १.८ ओम. मी म्हटलं म्हणजे काय? तर म्हणे ओम जितके कमी तितका ॲम्पवर ताण जास्त, आणि हा वूफर आहे ड्युअल म्हणजे दोन कॉइलचा, ४ आणि ४ ओमचा, दोन्ही कॉइल समांतर जोडल्यात म्हणजे झाले २ ओम, मीटरवर आकडा जरा कमीच दिसतो. आणि ॲम्पच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, ब्रिजला कमीत कमी ४ ओम. ब्रिज केलं की प्रत्येक चॅनेलला ओम अर्धेच दिसतात, म्हणजे २ ओम चालणाऱ्या चॅनेलला १ ओम लावलेला. ॲम्प तापून बंद पडत होता ते बिचारा स्वतःला वाचवत होता, आणि त्याचा फ्यूज ४० चा करून त्याचाही शेवटचा आधार काढून घेतला. दाजी म्हणाले ह्या ॲम्पला ४ ओमची सिंगल कॉइल पाहिजे होती, नाहीतर २ आणि २ ची ड्युअल कॉइल सिरीजमध्ये, हा वूफर ह्याला जमणाराच नव्हता, दुकानात पडून असणार तो तुमच्या गळ्यात मारला. समांतर जोडला की डेमोला दणका जास्त बसतो, जळाला की मोनो विकायला मोकळे. हे मुद्दाम करतात का अडाणीपणाने, माझ्याकडे पुरावा नाही, पण तो पोऱ्या जे बोलला ते आठवलं आणि माझं मत पक्कं झालं.

मग त्यांनी वायर घेतली. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, त्यावर ४ गेज छापलेलं. ब्लेडने सोललं तर अर्धी जाडी नुसत्या प्लॅस्टिकची, आतली तार जेमतेम ८ गेजएवढी (गेजचा आकडा वाढला की तार बारीक). आतले केसासारखे दोन-चार धागे काढून नखाने खरवडले, वरून तांबूस आणि आतून चांदीसारखं पांढरं. "आल्युमिनम हाय ही, वरनं नुसता तांब्याचा मुलामा." असल्या वायरीला सीसीए म्हणतात, तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दोन तृतीयांशच करंट झेपतो, वजनाला पण हलकी. प्युअर कॉपरचे पैसे घेऊन हे.

पण मला खरा घाम फुटला तो पुढच्या गोष्टीला. किटातला मेन फ्यूज बॅटरीपाशी नव्हताच, डिकीत ॲम्पच्या शेजारी लावलेला, कारण तिथं लावायला सोपा. म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर विना फ्यूज, सीटखालून, दाराच्या पट्टीखालून. बॉनेटमधून आत येते तिथं पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट म्हणजे रबरी कडी नाही, आणि नेमकं तिथंच इन्सुलेशन घासून पातळ झालेलं, आतली तार दिसत होती. पत्र्याला टेकली असती तर सरळ बॅटरी शॉर्ट, मधे थांबवायला काही नाही. हा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे, तो वायरीला वाचवायला असतो, ॲम्पला नाही. ज्यांनी बाहेर साऊंड बसवून घेतलाय त्यांनी आजच बॉनेट उघडून एवढं तरी बघा, बाकीचं नंतर वाचा.

आणि ॲम्पच्या बॉक्सवर काय छापलंय तर ३२०० वॅट. दाजी हसायलाच लागले. २५ चे दोन फ्यूज म्हणजे ५० अँपिअर, गुणिले चालू गाडीचे साधारण १३.८ व्होल्ट, झाले ६९० वॅट आत जाणार, त्यातले निम्म्याच्या आसपास ह्या टाइपच्या ॲम्पमध्ये उष्णतेत जातात, म्हणजे खरे साडेतीनशे-चारशे. ३२०० वॅटला १२ व्होल्टवर अडीचशेच्या वर अँपिअर लागतील आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर असतो साधारण ७० ते ९० चा. मी इतकी वर्षं घरात मिक्सर घेताना वॅट बघतो, इथं डोकं कुठं ठेवलं होतं काय माहीत.

दुकानात परत गेलो, मल्टीमीटरचा व्हिडिओ दाखवला. उत्तर काय, "जळालेलं वॉरंटीत येत नाही, आवाज तुम्ही जास्त केला असणार." बिल दाखवा म्हणाला, आणि बिल तर नाहीच. मग १९१५ ला फोन लावला, ती ग्राहक हेल्पलाइन, यूपीआयची नोंद आणि ती एस्टिमेटची चिठ्ठी दोन्ही अपलोड केलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नसते हे पण तिथंच शोधताना कळलं आणि ते दुकानदाराला ऐकवलं. आठ दिवसांनी त्याचाच फोन, वायरीचे ३,००० परत करतो, मिटवा. घेतले, पण मिटवलं नाही, ॲम्पच्या पैशांची तक्रार चालू आहे.

सध्या दाजींच्या ओळखीच्या माणसाने ॲम्पचे जळालेले मॉसफेट (आतले पॉवरचे ट्रान्झिस्टर) बदलून दिले १,८०० मध्ये, फ्यूज परत २५ चे. वूफरच्या कॉइल सिरीजमध्ये केल्या, आता ८ ओम, ४ ओमच्या मानाने बास जवळपास निम्म्या पॉवरवर पण ॲम्प कोमट सुद्धा होत नाही. स्पीकरना हायपास ८० हर्ट्झवर, वूफरला लोपास ८० वर, म्हणजे जाड आवाज वूफरला आणि बाकीचा स्पीकरना, खरी तांब्याची वायर, अर्थ डिकीतला रंग खरवडून नागड्या पत्र्याला. एकाच ॲम्पवर सगळं, जसं मी पहिल्या दिवशी मागितलं होतं तसं. घाटात दोनदा वाजवून बघितलं.

हां, आणि एक राहिलं. कंपनीचे जुने स्पीकर त्याने काढून ठेवून घेतले होते, "तुमच्या काय कामाचे" म्हणून. पैसे परत घ्यायला गेलो तेव्हा ते पण मागितले. बराच वेळ आत शोधून पिशवीत घालून दिले. घरी येऊन बघतो तर एक माझा आणि दुसरा कुठल्या तरी भलत्याच गाडीचा.