गच्चीवरच्या ठिबकची काळी आट्याची फिटिंग्ज, दोन उन्हाळे वापरल्यावर

नाशिकला आमच्या गच्चीवर ४६ कुंड्या आहेत, मिरची, टोमॅटो, कढीपत्ता, दोन लिंबं आणि आईचा मोगरा, आणि त्यांना ठिबक बसवून आता दोन उन्हाळे झाले. नळी आणि ड्रिपरवर सगळेच लिहितात पण माझ्याकडे पाणी गळलं ते प्रत्येक वेळी जोडावर, म्हणून आज फक्त आट्याच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या फिटिंगबद्दल लिहितेय.

आत्ता आहेत ती काळी पॉलिप्रॉपिलीनची, अर्धा इंची. टाकीपाशी एक बॉल व्हॉल्व्ह, मग छोटा जाळीचा फिल्टर, दोन टी, तीन एल्बो आणि आट्यावरून सोळा एमएमच्या नळीवर येणारे जोड. ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानातून सगळं सुटं घेतलं. दुकानात घ्या असं मी आग्रहाने सांगेन, कारण तिथे एकमेकांत फिरवून बघता येतं. चांगलं फिटिंग बोटांनी तीन-चार फेरे गुळगुळीत जातं, पहिल्याच फेऱ्यात तिरकं बसत असेल किंवा आट्यावर मोल्डिंगची धार लागत असेल तर ते तिथेच बाजूला ठेवायचं.

त्याआधी एक ऑनलाइन किट मागवलं होतं, त्याने फार मनस्ताप दिला. पॅकेटवर मोठ्या अक्षरात युनिव्हर्सल, आणि नळाचा जोड निघाला अमेरिकन होज पाइपच्या आट्याचा. आपल्याकडचे नळ बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्याचे, पाऊण इंचाला बीएसपीत एका इंचात १४ आटे बसतात आणि त्या होजच्या जोडात साडेअकरा, व्यास मात्र जवळजवळ सारखाच त्यामुळे चढतंय चढतंय असं वाटतं, एक-दीड फेरा जातो आणि अडकतं, मग जोर लावला की प्लास्टिकचे आटे सोलून निघतात. पैसे परत मिळाले पण त्यात पंधरा दिवस गेले, तेही एप्रिलचे, चार टोमॅटो वाळले.

मापाचंही सांगते. अर्धा इंची फिटिंगवर पट्टी लावली तर अर्धा इंच कुठेच सापडत नाही, बाहेरच्या आट्याचा व्यास साधारण २१ एमएम भरतो, पाऊण इंचीचा २६.४ आणि एक इंचीचा ३३.२. मी दुकानात जाताना जुना तुकडाच पिशवीत टाकून नेते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आवळणं. टाकीच्या आउटलेटला आधी पांढरा प्लास्टिकचा एफटीए होता, म्हणजे आतून आटे असलेला. प्लंबरदादांनी त्यात पितळी निपल (बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा) गळती अडवणारं सूत आणि सफेदा लावून पाईप पान्याने आवळलं, लोखंडी पाइपावर बसलेला हात त्यांचा. त्या दिवशी टिपूस गळला नाही. आठव्या दिवशी पहाटे एफटीएला उभी चीर, टाकी रिकामी आणि पाणी जिन्यातून खाली. निमुळते आटे पाचरीसारखे काम करतात, जेवढं आवळाल तेवढं बाहेरच्या प्लास्टिकला फाकवतात, त्यात सूत जाड, आणि पितळ तर दबत नाही. म्हणून धातू आणि प्लास्टिकचा जोड असेल तिथे प्लास्टिक आत आणि धातू बाहेर असं घ्या. ते जमत नसेल तर आतून पितळ बसवलेला एफटीए मिळतो, कितीतरी महाग आहे पण घरात तसा एकच लागतो, तिथे पैसे वाचवू नका.

बाकी सगळीकडे टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे, टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, हाताने घट्ट आणि वर जास्तीत जास्त एक फेरा. पाना नकोच. आमच्या टाकीचा तळ गच्चीपासून पाच फुटांवर, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.१५ किलोच्या आसपास (दहा मीटर उंचीला एक किलो धरा), एवढ्याशा पाण्यासाठी पाना कशाला! बूस्टर पंप असेल तर गोष्ट वेगळी. सपाट रबरी वायसरवाला जोड असेल तर टेप लावूच नका, तिथे पाणी वायसर अडवतो. आणि काळ्या फिटिंगला पीव्हीसीचं सोल्युशन लावू नका, पॉलिप्रॉपिलीनला ते धरतच नाही.

उन्हात कसं टिकलं? काळे तुकडे अजून जसेच्या तसे आहेत, काळ्या रंगातल्या कार्बनमुळे ऊन आतपर्यंत पोचत नाही. पांढरे दोन एल्बो आधीचे होते ते दुसऱ्या मे महिन्यात हातातच तुटले. मात्र ऊन-थंडीत प्लास्टिक बरंच फुगतं-आकसतं, दोन महिन्यांनी एक-दोन जोड थोडे पाझरायला लागतात, संध्याकाळी सगळं गार झाल्यावर हाताने पाव फेरा दिला की थांबतात. बॉल व्हॉल्व्हचा दांडा थोडा कडक झालाय पण चालतोय. आणि फिल्टरच्या पुढे एक युनियन (बाकीची लाइन न फिरवता सुटणारा जोड) नक्की टाका, मी टाकला नाही आणि आता फिल्टर काढायचा तर अख्खी लाइन फिरवावी लागते, पुढच्या महिन्यात ते करून घेणार आहे.

तक्रार एकच, त्या अर्धा इंची फिल्टरच्या झाकणातली ओ-रिंग सैल झालीय आणि ती सुटी कुठेच देत नाहीत, नवा अख्खा फिल्टर घ्या म्हणतात. नाशिकमध्ये कुणाला सुटी मिळाली असेल तर दुकान सांगा प्लीज.